फ्रेंच दरबारचा झगा, शिरूरचा बँड

कॉलर आणि कफ यांचे नमुने कापून ठेवायला जाड कागद लागतो. शिरूरला माझं शिवणकामाचं दुकान होतं आणि हा कागद मी दौंडला माहेरी गेले की तिथल्या रद्दीवाल्याकडून आणायची. शिरूरच्या रद्दीत वर्तमानपत्रं आणि शाळेच्या वह्या असत. दौंडच्या रद्दीत रेल्वे कॉलनी असे. कुणी साहेब निवृत्त झाला, मुलांकडे परदेशी गेला, की त्याची सगळी आवडनिवड तागडीत यायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथे मोठ्या छापील चित्रांचा एक गठ्ठा मिळाला. एका बाजूला रंगीत छपाई, दुसरी बाजू कोरी, कागद पुठ्ठ्याच्या तोंडात मारेल असा. मी कोरी बाजू तपासली आणि गठ्ठा घेतला.

छापलेली बाजू पाहिली ती दुकानात, कात्री हातात घेतल्यावर. प्रत्येक कागदावर एकेक पुरुष. डोक्यावर पिसांचा तुरा इतका मोठा, की तुरा हाच मुख्य आणि माणूस त्याला आधाराला दिलेला. छातीवर जर, बाह्यांना झालर, पायांत तंग मोजे आणि टाचेचे बूट. कमरेपासून ताठ झगा, उघडलेल्या छत्रीसारखा पसरलेला आणि गुडघ्याच्या वरच संपलेला. एक पाय पुढे, एक हात हवेत, एसटीला हात करावा तसा. चेहऱ्यावर मात्र एसटी आपल्यासाठी थांबणारच, असा भाव. हा भाव शिरूर स्टँडवर मी कधी पाहिलेला नाही.

दुकानात इंग्रजीचे एक सर बायकोचे ब्लाउज न्यायला आले होते. गठ्ठ्यातलं एकमेव इंग्रजी पान वाचून त्यांनी सांगितलं, की हे दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे बॅले नाचाचे पोशाख आहेत, फ्रेंच दरबारातले. तिथला राजा असले कपडे घालून स्वतः नाचायचा. एवढं सांगून ते ब्लाउज न घेताच गेले.

हे सगळं बँडमास्तर ऐकत बसले होते. लग्नसराई तोंडावर आलेली, बँडचे लाल कोट विटून विटकरी झालेले, म्हणून ते नव्या गणवेशाची चौकशी करायला आले होते. पण त्यांची खरी काळजी कोटाची नव्हती. त्यांचा भाचा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा आणि तो वाजवायचा म्हणून बँडला बोलावणं यायचं. हा भाचा कारेगावला कंपनीत लागायच्या बेतात होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. लग्नात बँडवाल्यांना सगळ्यांच्या शेवटी, मांडवामागे जमिनीवर जेवायला बसवतात. कंपनीच्या कँटीनमध्ये ताट टेबलावर मिळतं.

मास्तरांनी चित्र हातात घेतलं. भाच्याला मान हवा होता आणि मान इथे छापूनच आला होता.

"राजा असलं घालून नाचत हुता," ते म्हणाले, "मग वाजवणाऱ्यानं कमी का घालावं? ताई, ह्योच शिवा."

मी त्यांना समजावलं, की हा पोशाख घालणारा थोडा वेळ नाचून आत जातो. तो गळ्यात ढोल अडकवत नाही, टेम्पोने फिरत नाही आणि या झग्यात खाली बसायची सोय नाही.

"लग्नात आम्हाला बसा कोण म्हणतंय?" मास्तर म्हणाले.

मग मी यादी केली. ताठपणासाठी कॅनव्हास, बक्रम आणि आतून वेताच्या कड्या. सोनेरी जर, नाटकाच्या कपड्यांना लावतात ती. पिसं कोंबडीची, रंगवलेली, कारण शिरूरच्या बाजाराला शहामृग येत नव्हता. तंग मोज्यांना बँडमधल्या एकूणएक माणसाने नकार दिला, म्हणून खाली पांढऱ्या पँटी.

पहिलं लग्न मांडवगण फराटा गावचं. उसवलं तर असावं म्हणून सुईदोरा घेऊन मीही टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले. मागे सगळा फ्रेंच दरबार उभ्याने. ढोलवाल्याचा ढोल झग्यावर आडवा राहत होता, पोटापासून हातभर लांब, आणि तो बिचारा वाकून वाकून वाजवत होता. पण मांडवगणात जी गर्दी झाली ती काही विचारू नका. नवरदेव घोड्यावर होता हे त्याच्या आईच्या लक्षात होतं. बाकीचे बँड बघत होते.

जेवायच्या वेळी नवरीच्या चुलत्यांनी रिवाजाप्रमाणे बँडला मांडवामागची जमीन दाखवली. ढोलवाला बसला. झगा पुढून उठून त्याच्या हनुवटीपर्यंत आला आणि त्याला पत्रावळ दिसेना. पाहुणे हसत होते, कॅमेरे निघाले होते. चुलते शरमले आणि त्यांनी सगळ्यांना नेलं ते पुण्याच्या पाहुण्यांसाठी मांडलेल्या उभ्याने जेवायच्या टेबलाकडे. हातात चिनी मातीची ताटं, वर गुलाबजाम, वाढायला माणूस. मास्तरांनी भाच्याकडे असं पाहिलं, जणू निकाल लागला आणि मुलगा पास.

भाच्याने ताट खाली ठेवलं.

"मामा, ह्यो मान झग्याचा हाय. झगा काढला की परत मांडवामागं."

"मग काढू नको."

"कंपनीत साध्या शर्टावर ताट देत्यात."

मास्तरांचा गुलाबजाम ताटात तसाच राहिला.

भाचा कारेगावला गेला. इकडे बँडला शिक्रापूरपासून बोलावणी येऊ लागली. एके दिवशी मास्तर भाच्याचा पोशाख घेऊन आले आणि कमरेत कापड सोडून सैल करून द्या म्हणाले. आता क्लॅरिनेट कोण वाजवणार, असं मी विचारलं. "मीच," ते म्हणाले. पुढचे दात पडल्यापासून त्यांनी क्लॅरिनेट सोडली होती आणि ते नुसती छडी हलवत पुढे चालायचे. मी दोन्ही बाजूंनी कापड सोडलं.

पुढची वरात माझ्या दुकानावरूनच गेली. क्लॅरिनेट दर ओळीला मध्येच तुटत होती आणि वरच्या सुराला चिरकत होती. कुणीतरी वळून बघेल म्हणून मी पायरीवर उभी राहिले. लोक तुऱ्यांचे फोटो काढत होते. नवरदेवाचे मित्र नाचत होते, त्यांना क्लॅरिनेट असली काय नि नसली काय.

संध्याकाळी मास्तर झग्यातच दुकानात येऊन टेकले. टेकले म्हणजे मशीनला पाठ लावून उभे राहिले.

"कसं वाजलं, ताई?"

"झगा कमरेला नीट बसलाय," मी म्हटलं.

"व्हय," मास्तर म्हणाले. "तेवढंच बघत्यात समदी."