चौथा खांदा

वॉट रॉसिटर मरायला टेकला होता, पण मरत नव्हता. चौथा खांदा कुणाचा हे कळल्याशिवाय आपण हलणार नाही, असं त्यानं डॉक्टरला बजावलं होतं. डॉक्टर म्हणाला, "मग कळून घेऊच नकोस, म्हाताऱ्या." दोघंही हसले. म्हाताऱ्याची मुलगी नोनी चुलीपाशी उभी होती. ती हसली नाही.

वेक्सफर्ड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला जुन्या नावांच्या घराण्यांत एक रीत होती. मेलेल्याला दफनभूमीच्या फाटकापर्यंत कुणीही आणावं; शेजाऱ्यानं आणावं, वैऱ्यानं आणलं तरी चालेल. पण फाटकातून आत, खड्ड्यापर्यंत, त्याला न्यायचं ते त्याच्याच नावाच्या चार पुरुषांनी. कॉडला कॉडांनी, सिनॉटला सिनॉटांनी. ज्याला आपले चार मिळाले नाहीत, तो उसन्या खांद्यावर गेला असं लोक म्हणत, आणि ते म्हणणं माणूस मातीत गेल्यावरही वर राही.

म्हाताऱ्याला लिहिता येत नव्हतं. त्याचं सारं घराणं त्याच्या तोंडात होतं. रात्रीची जपमाळ संपली की तो गुडघ्यांवरून उठता उठता सुरू करी : "मी वॉट, फिलचा. फिल मायल्सचा. मायल्स लंगड्या वॉटचा..." असं चढत चढत तो एका मायल्सपाशी थांबे, जो अंगावर लोखंडी चिलखत घालून इंग्लंडकडून आलेल्या गलबतातून उतरला, इथल्या बायकोशी संसार करून इथलाच झाला. त्या शिडीच्या मध्ये कुठेतरी दोन भाऊ होते. एकानं इंग्रज राजाचा धर्म घेतला आणि जमीन राखली. दुसऱ्यानं जुना धर्म राखला आणि जमीन घालवली. पहिल्याची माणसं टेकडीवरच्या मोठ्या घरात राहिली, दुसऱ्याची टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्यांत. मेल्यावर मात्र दोघांनाही एकच जागा होती : छप्पर उडालेलं जुनं चर्च आणि त्याच्या चार भिंतींच्या आतली माती.

"मोज," म्हातारा म्हणाला.

"मोजलेत, बाबा."

"पुन्हा मोज."

नोनीनं बोटं धरली, पहिलं भावाचं. "फिल इंग्लंडहून येईल. कार्नचा जेमकाका."

"जेम आंधळा आहे."

"खांद्याला डोळे कशाला लागतात? तिसरे टेकडीवरचे कॅप्टनसाहेब."

"तो आपला आहे," म्हातारा मान हलवत म्हणाला. "बाटलेला असला तरी रक्त आपलंच. चौथा?"

नोनीनं चौथं बोट धरलं आणि सोडून दिलं.

छप्पन्न सालचा नोव्हेंबर होता. पोरं बोटीनं इंग्लंडला जात होती आणि तिकडून ख्रिसमसची कार्डं येत होती. रॉसिटरांच्या घरात कधी काळी बारा-बारा पुरुष होते. कुणी युद्धात गेला, कुणी समुद्रात, कुणी अमेरिकेत जाऊन नुसता नाहीसा झाला. उरलं ते नाव. कपाटातल्या मोठ्या कोटासारखं, घालायला माणूस नसलेलं.

दुपारी ती टेकडीवर गेली. कॅप्टन हर्बर्ट रॉसिटर स्वयंपाकघरातच राहत होता, कारण बाकीच्या खोल्या गळत होत्या. तो चांदीच्या चमच्यानं उकडलेलं अंडं खात होता. भिंतीवर त्याच्या पणजोबानं रंगवून घेतलेला वंशवृक्ष लटकत होता. त्यात एक जाड फांदी खालच्या बाजूलाच तोडलेली दाखवली होती, सफरचंदाच्या झाडाची वाळकी फांदी तोडतात तशी. ती नोनीच्या घराची फांदी.

"ये, बस," तो म्हणाला. "वॉट कसा आहे? माझ्या हद्दीतले ससे कुणी मारत नाही हल्ली, तेव्हाच मी ओळखलं, त्याचं काही खरं नाही."

"त्यातला एक दर ख्रिसमसला तुम्हालाच पाठवायचे ते."

"माझाच ससा मला! आणि मी आभार मानायचो." तो हसला, मग चमचा खाली ठेवला. "खांद्यासाठी आलीस ना? येईन मी. तुमच्या प्रार्थनेला आत येणार नाही, बाहेर झाडाखाली उभा राहीन. तुमचा पाद्री आणि माझा पाद्री दोघंही खूश." त्यानं भिंतीकडे पाहिलं. "तुमची फांदी तोडून टाकली आमच्यांनी. आता बघ, आमच्याच फांदीला पान नाही. मला कोण नेईल, नोनी?"

नोनी उठली. उतरताना तिला शेजारची स्टेशिया कॉड भेटली. स्टेशियाला सगळ्यांची नाती पाठ होती आणि तोंड आवरायची सवय नव्हती.

"चौथा मिळाला का गं?"

"नाही."

"माझा नवरा उभा राहील म्हणतो. पण कॉडच्या खांद्यावर तुझा बाप शवपेटीतून उठून बसेल." मग स्टेशियानं आवाज खाली आणला. "आणखी कुणी नाही म्हणतेस?"

"नाही म्हटलं ना."

पण होता. एक रॉसिटर होता.

नोनी एकोणीस वर्षांची असताना बापानं तिला गाडीत बसवलं होतं, वर गवत पसरलं होतं आणि वाटेत एक शब्द न बोलता लांबच्या नन्सच्या आश्रमात नेऊन सोडलं होतं. मूल झालं तेव्हा त्याच्या बापाचं नाव विचारलं गेलं. तिनं सांगितलं नाही. म्हणून मुलाला तिचंच नाव लागलं, रॉसिटर. पहिलं नाव तिनं शिडीच्या वरच्या टोकावरून उचललं : मायल्स. मूल चालायला लागल्यावर नन्सनी ते काढून नेलं. ती घरी आली, चूल पेटवली, म्हाताऱ्याला लापशी दिली. त्यानं ती खाल्ली. त्या गोष्टीवर त्या घरात पुढे कधी कुणी बोललं नाही.

पुष्कळ वर्षांनी एनिसकॉर्थीच्या गुरांच्या बाजारात मागून कुणी तरी हाक मारली, "ए रॉसिटर!" नोनी वळली. तिच्याबरोबर आणखी एक जण वळला. मेंढ्यांच्या कुंपणापाशी उभा असलेला गडी, रुंद खांद्यांचा, डावा खांदा किंचित वर. तो खांदा ती रोज घरी बघत होती. तो कुठल्या शेतावर राबतो ते तिनं विचारून घेतलं, आणि तेव्हापासून ती दरवर्षी त्या बाजाराला जाई, काही विकत न घेता उभी राही आणि परत येई.

त्या संध्याकाळी ती म्हाताऱ्याच्या उशाशी बसली. चहा निवून गेला होता.

"बाबा, चौथा आहे."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. त्याला कळायला वेळ लागला नाही.

"तो रॉसिटर नाही."

"मग कोण आहे? दुसरं नाव कुठलं आहे त्याला?"

"शिडी बापावरून चढते, पोरी. त्याला खालची पायरीच नाही."

"मग तुम्ही फाटकाशीच राहाल."

"राहीन," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं. नोनी कप उचलून दारापर्यंत गेली, तेव्हा मागून आवाज आला, अगदी बारीक. "उंचीला किती आहे?"

"तुमच्याएवढा."

त्यानं पांघरूण खांद्यावर ओढलं. सकाळी ती गाईची धार काढून आली, तेव्हा तो गेलेला होता.

घर माणसांनी भरलं. स्टेशियानं रीतीप्रमाणे घड्याळ थांबवलं, आरशावर कापड टाकलं. आणि बापाचं प्रेत घरात असताना नोनीनं बाजाराला जायचा तपकिरी कोट घातला. "आत्ता कुठे निघाली गं ही?" कुणी तरी विचारलं. स्टेशिया म्हणाली, "जाऊ दे तिला. प्रेताजवळ मी बसते." नोनी दुधाच्या लॉरीतून आणि मग बसनं जिल्ह्याच्या वरच्या टोकाला गेली.

तो शेतात बीट उपटत होता. दोन बीट एकमेकांवर आपटून माती झाडायची आणि ढिगावर फेकायचे. ती बांधावर उभी राहिली. तो आपटत राहिला.

"बाजाराला अजून अवकाश आहे, बाई," तो म्हणाला.

ती बांधावरून खाली उतरली. "ओळखतोस मला?"

"तपकिरी कोट. दरवर्षी येता, काही घेत नाही. मला वाटायचं, एखाद्या वर्षी तरी काही बोलाल."

"माझे वडील गेले."

"बरं."

"उद्या जुन्या चर्चच्या दफनभूमीत त्यांना आत न्यायला चार रॉसिटर लागतात. तीन आहेत."

त्यानं हातातले बीट खाली टाकले. तो हसला, पण ते हसणं तोंडापुरतंच होतं. "म्हणजे खांदा न्यायला आलात. मला नाही."

नाही, असं तिला म्हणायचं होतं. पण ते खोटं झालं असतं आणि त्याला ते कळलं असतं. "खांदा न्यायलाच आले," ती म्हणाली.

"ते नाव माझ्या अंगावर मेंढीवर डाग मारतात तसं मारलंय. ज्या घरी मला ठेवलं, तिथे जेवताना मला हाक मारायचे, ए रॉसिटर, आणि हसायचे. नाव आहे, घर नाही. आणि आज त्या नावाचं काम पडलं." तो वाकला, पुन्हा बीट उपटायला लागला. "जा बाई. तुमची बस जाईल."

दुसऱ्या दिवशी जोराचा वारा होता. कॅप्टन बोलल्याप्रमाणे गावातल्या चर्चबाहेर झाडाखाली टोपी काढून उभा राहिला. मग शेजाऱ्यांनी पेटी जुन्या दफनभूमीच्या फाटकापर्यंत आणली, तिथल्या सपाट दगडावर टेकवली आणि बाजूला झाले. फिल रात्रीच्या बोटीनं आला होता, दाढी न केलेला. जेमकाकाला कुणीतरी हाताला धरून पेटीच्या कडेला आणून उभं केलं. कॅप्टननं तिसरा कोपरा धरला. चौथा कोपरा वाऱ्यात मोकळा होता.

"कोण आहे चौथा?" फिलनं विचारलं. "तू म्हणालीस आहे म्हणून."

नोनी रस्त्याकडे बघत होती. पाद्री फादर केहोंनी घसा खाकरला. स्टेशियाचा नवरा अर्धं पाऊल पुढे आला. "नोनी, मी लावतो गं खांदा. मेलेल्याला काय कळतंय?"

"त्याला कळतं," आंधळा जेमकाका म्हणाला. "थांबा."

थांबले. माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत होती. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, वॉट शेवटी उसनाच गेला. नोनीनं ते ऐकलं. तिला वाटलं, आपण आता हे सगळं सोडून समुद्रापर्यंत चालत जावं.

तेव्हा चढावरून सायकल आली. त्यानं ती भिंतीला टेकवली. अंगावर कामाचेच कपडे होते, बुटांना शेतातली माती. तो सरळ फाटकापाशी आला. फिलनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि या भागात परक्याला जो एकच प्रश्न विचारतात तो विचारला.

"तू कुणाचा?"

मायल्सनं मान वळवली. तो नोनीकडे बघत राहिला. सगळा गाव बघत राहिला. ज्या गोष्टीवर गवत पसरून गाडी नेली होती, ती गोष्ट आता फाटकात उभी होती.

"माझा," नोनी म्हणाली.

फादर केहोंनी पुस्तकाचं पान उगाच उलटलं. मग कॅप्टन म्हणाला, "चला, वारा वाढतोय," आणि चौघांनी पेटी उचलली. म्हाताऱ्याच्या उंचीचा खांदा होता तो. त्या बाजूला पेटी जरा वर राहिली. छप्पर नसलेल्या चर्चच्या दारातून वॉट रॉसिटर आपल्या चौघांच्या खांद्यावरून आत गेला. कुणाला काही म्हणायला जागा उरली नाही.

माती ढकलून झाल्यावर स्टेशिया मायल्सला म्हणाली, "बाळा, घरी चल, डुकराचं मटण आणि कोबी शिजलाय." त्यानं मान हलवून नाही म्हटलं. नोनी त्याच्या मागोमाग भिंतीपर्यंत गेली. त्यानं सायकल सरळ केली.

"तू आलास," ती म्हणाली.

"नावाचं जे देणं होतं ते फेडलं." तो सायकलची सीट हातानं पुसत होता, जरुरीपेक्षा जास्त वेळ. "आता बाजाराला येत जाऊ नका. मी तिथे मान खाली घालून उभा राहतो, तुम्ही जाईपर्यंत. दरवर्षी. आता नको."

तो उतारावरून गेला. वळणापर्यंत डावा खांदा दिसत राहिला, किंचित वर.

कॅप्टन येऊन तिच्याशेजारी उभा राहिला. टोपी अजून हातात होती. "तुमचा माणूस," तो म्हणाला, "पुन्हा येईल का?"

"नाही."

"मग आम्ही तिघंच." त्यानं आत, भिंतींच्या पलीकडच्या ओल्या मातीकडे पाहिलं. "आणि तिघांतला एक मीच."

नोनीनं तपकिरी कोटाची बटणं लावली. वारा समोरून येत होता. घरी माणसं जेवायची थांबली होती, आणि त्यांना वाढायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं.