सगळीकडे सारखी ऊब

लेकीच्या परदेशातल्या घरी बैठकीत लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी आहे. पंखा तिची ऊब नळ्यांतून प्रत्येक खोलीत सारखी पोचवतो, म्हणून प्रत्येक जण आपापल्या खोलीत. शेगडीपाशी मी एकटी.

आमच्याकडे एकाच शेगडीभोवती सगळे खेटून बसत. मी नवी सून, महा नखरेल! मुद्दाम दाराशी कुडकुडत बसायचे. मग हे भिंतीकडे बघत सासूबाईंना म्हणायचे, "आई, कुणीतरी गारठतंय तिकडे." तेवढ्या वाक्यासाठी माझा अख्खा हिवाळा! आता तसं म्हणायला हे नाहीत.

काल मी गुपचूप पंखा बंद केला. थोड्या वेळाने नात पांघरूण ओढत आली, "आजी, माझी खोली गार पडलीय." मी तिला कुशीत घेतलं. आतून लेक ओरडली, "पंखा कुणी बंद केला?" आम्ही दोघींनी झोपेचं सोंग घेतलं.