घडी न मोडलेला आहेर

कापड हातात आलं की चाचा आधी ते मांडीवर ठेवत. तळहात घडीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत आणि समोरच्याकडे न पाहता म्हणत, "घडी मोडू नका बरं, बापा."

शिवायला आणलेल्या कापडाची घडी मोडल्याशिवाय ते शिवणार कसं, असं कोणी विचारलं तर म्हणत, "ते मी मोडीन ना. तुमी नका मोडू."

असा शिंपी तुमच्याही गावात असेल. आमचं गाव धामणगाव बढ्याच्या अलीकडचं. कौन्सिलच्या शाळेत मी मास्तर, आणि शाळेसमोरच्या ओट्यावर चाचांचं हातमशीन. चाचांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी खानदेशात दिलेली. त्यांच्या मशीनचा आवाज बंद पडला की मुलं आपोआप पाढे थांबवत आणि बाहेर पाहत. मी पाठ करून उभा असलो तरी मला कळे की चाचांनी चष्मा काढला आहे.

लढाईच्या दिवसांत महागाई कशी वाढली ते मी सांगायला नको. जी मागच्या बाजारात परवडली ती वस्तू पुढच्या बाजारात परवडत नसे. मी हिशेबी माणूस. घरात दिवा लवकर मालवायला लावला, चहा एक वेळ केला, गव्हाची पोळी सणापुरती ठेवली. पगारात सरकारनं भत्ता घातला, पण तो भावाच्या मागून चालणारा. भाव पुढच्या गावी पोचले की हा आपला मागच्या नाल्यात. पोटाला चिमटा घेता येतो. माणूस कण्या खातो आणि कोणाला सांगत नाही. पण आहेराला चिमटा घेता येत नव्हता.

आमच्याकडे लग्नात मुलीकडच्यांनी विहिणीला लुगडं आणि व्याह्याला धोतरजोडी द्यावीच लागते, आणि घरातल्या वडीलधाऱ्याला पागोटं. तेही भर मांडवात, चार लोकांसमोर. कापड तर कंट्रोलमध्ये गेलेलं. मलकापूरला परमिटासाठी दिवसभर ताटकळायचं आणि दुकानाशी पोचल्यावर ऐकायचं, "माल संपला." मागच्या दारानं मिळे, पण त्याच्या भावात दुसरं लग्न झालं असतं.

एका सकाळी चाचांच्या ओट्यावर नामदेव येऊन बसला. नामदेव पाटलांकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. त्याच्या पुतणीचं लग्न ठरलं होतं.

"चाचा, मास्तरले सांगून एक परमिटाचा अर्ज लिहून द्या ना."

"कायले परमिट बे? तुह्या भावजयीले गुदस्ता आहेरात लुगडं आलं, ते कोठी हाय?"

"संदुकात."

"नेसली काय?"

"नाही जी. कोनाले द्याच्या कामी येईन म्हनून ठेवलं."

चाचांनी मशीनचं चाक थांबवलं. "अन पाटलाच्या घरचं? तेही संदुकात. कुंभाराचं? तेही. साऱ्या गावाच्या संदुका भरून राह्यल्या अन गाव परमिटाले पळून राह्यलं!"

खरी गोष्ट होती. आहेराचं कापड आमच्याकडे कोणी नेसतच नसे. ते पुढच्या आहेरासाठी राखून ठेवत. चाचांनी घरोघर जाऊन एकेक कापड मागून घेतलं आणि आपल्या पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलं. एक हिरवं, लाल काठाचं लुगडं. एक धोतरजोडी. एक पागोटं. ज्या घरी लग्न, त्या घरी पेटी जायची. मांडवात आहेर व्हायचा, नाव पुकारलं जायचं, आणि मांडव उतरायच्या आत कापड परत पेटीत. आसपासच्या ज्या गावांत आमच्या मुली पडत, तिथल्या लोकांनाही चाचा स्वतः सांगून आले. बहुतेकांनी ऐकलं. त्यांच्याही संदुका तशाच होत्या.

पेटीच्या तळाशी कागदात गुंडाळलेला पांढऱ्या लठ्ठ्याचा एक तुकडा होता. कोणीतरी विचारलं, "हे कोनाचं?"

"ते आहेराचं नाही. माह्यं हाय. मेल्यावर कफनाले लागते ना. आमच्यात जमलं तर मानूस आधीच घेऊन ठेवते." मग हसून म्हणाले, "त्याची मातर घडी मोडाले मी नसन."

नियम चाचांचेच. हळदीकुंकवाचं बोट कापडाला लावायचं नाही. वर विड्याचं पान ठेवायचं आणि त्या पानाला लावायचं. पागोटं डोक्याला टेकवायचं, बांधायचं नाही. पाटलांच्या म्हाताऱ्या काकांना तेच पागोटं तिसऱ्यांदा टेकवलं तेव्हा ते भर मांडवात म्हणाले, "चाचा, हे मले आता ओयखते. मी आलो की आपुनच उठून येईन पाहा." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं चाचा हसले आणि हसता हसता हात पुढे करून पागोटं परत घेतलं.

प्रत्येक लग्नाला चाचांना जेवण असे. पंगतीत ते अशा जागी बसत की आहेराचं ताट नजरेआड होऊ नये.

माझ्या धाकट्या लेकीचं लग्न मलकापूरच्या घरात ठरलं. जावई जिनिंगमध्ये कारकून. घर शहरातलं, दाराला रंग दिलेला. आमच्या पेटीची गोष्ट त्यांना सांगायचं काम माझ्या मेव्हण्याकडे होतं, कारण मध्यस्थ तोच. त्यानं ती व्याह्यांच्या कानावर घातली. व्याही म्हणाले, "हरकत नाही." पण घरी बायकोजवळ हे बोलायची त्यांना लाज वाटली आणि ते गप्प राहिले. हे सारं आम्हाला मागाहून कळलं.

लग्न लागलं. आहेर झाला. विहीणबाईंनी ताटातलं लुगडं दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि त्या आत गेल्या. आम्हाला वाटलं, परत द्यायला गेल्या. थोड्या वेळानं बाहेर आल्या त्या लुगडं नेसून. त्यांच्या माहेरची रीत तशी. आहेर आला की लगेच नेसून दाखवायचा, म्हणजे देणाऱ्याचा मान राहतो.

पंगतीत चाचांचा घास हातातच राहिला.

"कशी दिसून राह्यली जी मी?" विहीणबाईंनी माझ्या बायकोला विचारलं. चेहरा इतका खुललेला की माझी बायको नुसती मान हलवत राहिली.

तेव्हा चाचाच बोलले. "लय चांगलं दिसते, बाई." आणि घास तोंडात घातला.

आता अडचण नामदेवाची होती. पुतणीचं लग्न त्याच पेटीवर निभलं होतं, पण आता त्याची स्वतःची लेक पुढच्याच मुहूर्तावर देऊळघाटला जायची होती. देऊळघाटच्या लोकांनी आमची पेटी मान्य केली नव्हती. त्यांनी साफ कळवलं होतं की मांडवात लुगडं दिसलं नाही तर वरात मागे फिरेल. ते लुगडं मग त्यांच्याकडून परत कसं काढायचं, हे चाचा मांडवातच पाहणार होते. पण दाखवायलाच काही उरलं नव्हतं. पेटी आल्यावर संदुकांतलं बाकीचं कापड बायकांनी केव्हाच नेसायला काढलं होतं. नामदेव रोज ओट्यावर यायचा, बसायचा आणि उठून जायचा.

शेवटी चाचा म्हणाले, "मास्तर, मलकापुरले जाऊन येऊ. मी मांगतो. तुमी नका बोलू, तुमची लेक तेथी नांदते."

त्यांनी पेटीतून काहीतरी काढून पिशवीत घातलं. बैलगाडीनं आम्ही निघालो. वाटेत त्यांनी काय बोलायचं ते दोनतीनदा पुटपुटून पाहिलं.

रंग दिलेलं दार विहीणबाईंनीच उघडलं. अंगावर तेच हिरवं लुगडं. पदर खोचलेला, हाताला जात्याचं पीठ. मागच्या अंगणात दोरीवर त्यांचं दुसरं लुगडं वाळत होतं. त्याला जागोजागी गाठी मारलेल्या. फाटलेलं शिवायला सुईएवढीही जागा उरली नाही की बायका तशा गाठी मारतात. मी पाहिलं. चाचांनी माझ्या आधी पाहिलं.

"चाचा! तुमी काऊन आले एवढ्या लांब?"

चाचा क्षणभर उभे राहिले. मग ओसरीवर बसकण मारून म्हणाले, "मास्तरले लेक पाहाची होती. मी म्हनलं, आपुनही जाऊ. ते दोरीवरचं आना पाहू इकडे. दंड घालून देतो."

फाटका भाग कापून चांगले भाग जोडायचे त्याला दंड घालणं म्हणतात. माझी लेक जुनं एक लुगडं घेऊन आली, चाचांनी दोन्ही मिळून एक केलं. गुळाचा चहा प्याले. विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्या गावचा आहेर लय मोठा, चाचा. आमच्या आळीत कोनाच्याच अंगावर असं नाही." चाचा म्हणाले, "हाव."

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "चाचा, मागितलं नाही?"

"अंगावरचं कसं मांगू, मास्तर? तिनं घडी मोडली. आता ते तिचं झालं."

आम्ही गाडीकडे वळलो नाही. चाचा रंगाऱ्याच्या आळीत शिरले. पिशवीतून त्यांनी कागदाचं पुडकं काढलं तेव्हा मी ओळखलं. पांढरा लठ्ठा. रंगाऱ्यासमोर तो मांडीवर ठेवून त्यांनी घडीवरून हात फिरवला आणि आपल्या हातानं ती मोडली.

"हिरवा करून दे. गडद. कमी पडला तर दिसाले नको."

"चाचा," मी म्हटलं, "हे तर..."

"मले काय घाई हाय, मास्तर? नामदेवच्या पोरीले घाई हाय."

कुठल्यातरी जुन्या लुगड्याचे लाल काठ त्यांनी त्याला जोडले. कापड लांबीला थोडं आखूडच होतं. पण इस्तरी करून अशी घडी घातली की जोड आत गेले आणि काठ तेवढे वर राहिले. देऊळघाटच्या विहिणीनं मांडवात ते हातात घेतलं, बोटांनी कडेला चाचपलं आणि चाचांकडे पाहिलं.

चाचा म्हणाले, "घडी मोडू नका बरं, बाई."

लग्न पार पडलं, वरात गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या दिरानं ते लुगडं, वरच्या सुकलेल्या पानासकट, परत आणून दिलं. त्या सालापासून देऊळघाटही पेटीत आलं.

लढाई संपली. आम्हाला वाटलं, आता भाव उतरतील. ते उतरले नाहीत, अजून उतरले नाहीत. कापडाचं परमिटही सुटलं नाही. पेटी लग्नालग्नाला जात राहिली. चाचांना मी दोनदा म्हटलं की तहसिलीत तुमच्या लठ्ठ्यासाठी अर्ज करतो. दोन्ही वेळा ते म्हणाले, "करा ना, करा." आणि दोन्ही वेळा कोणाचं तरी लग्न मध्ये आलं.

ऐन उन्हाळ्यात, दुपारी, पाढे चालू असताना मशीनचा आवाज बंद पडला. मुलांनी बाहेर पाहिलं. मीही पाहिलं. चाचांचं डोकं मशीनवर टेकलेलं होतं आणि चष्मा डोळ्यांवरच होता.

त्यांच्यात माती त्याच दिवशी द्यावी लागते. मलकापूरला जाऊन परमिट काढून परत यायला दिवस पुरला नसता. गावात चारच मुसलमान घरं, आणि कोणाच्याच घरात पांढरं कोरं कापड नव्हतं. धामणगावाहून एक वयस्क मौलवी आले होते, ते म्हणाले, "पांढरा, पाक-साफ कपडा हवा. कोणाचाही चालेल."

नामदेव उठला आणि पेटी घेऊन आला. वर हिरवं लुगडं, ते बाजूला ठेवलं. खाली धोतरजोडी. इतकी वर्षं इतक्या व्याह्यांच्या हातांवरून फिरलेली आणि एकदाही न नेसलेली.

"मास्तर," तो म्हणाला, "आता घडी मोडा लागते."

पुढच्या लग्नाला काय, हे कोणी विचारलं नाही. मी हिशेबी माणूस, माझ्याही मनात ते दुसऱ्या दिवशी आलं.

चाचांच्याच कात्रीनं धोतरांचे काठ कापून काढले. त्यांना न्हाऊ घातलं, गुंडाळलं. पण कापड इतके दिवस एकाच घडीत राहिलेलं, की घडीच्या रेघा तशाच ताठ उभ्या राहिल्या, छातीवर एक आणि गुडघ्यांवर एक. मौलवींनी त्या बसवण्यासाठी तळहात या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

घडी काही गेली नाही.