सापडेल तेवढा नवरा

कुणाचंही कौतुक करायचं झालं की आमच्या मराठी ग्रुपमधल्या बायकांकडे एकच वाक्य असतं, "किती स्ट्राँग आहे ना ती!" माझ्या वरच्या मजल्यावरच्या शेजारणीबद्दल हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. ती बोस्नियाची. तिथल्या युद्धात तिच्या गावातले पुरुष मुसलमान म्हणून वेगळे काढले, नेले आणि गोळ्या घालून मारले. त्यांतच तिचा नवराही गेला. कडेवरची मुलगी घेऊन ती शिकागोला आली, स्कूलबस चालवली, फ्लॅट घेतला, मुलीला नर्स केलं. झाली स्ट्राँग! न होऊन सांगते कुणाला?

दर संक्रांतीला मी तिला हळदीकुंकवाला बोलावते. मी तिळाच्या वड्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणते, घरी करत बसायला वेळ कुणाला आहे! ती मात्र पालक-चीज भरलेली गरमागरम पेस्ट्री स्वतः भाजून आणायची. कुंकू लावून घ्यायला तिला फार आवडायचं. दुसऱ्या दिवशी बसवर जायची, तेव्हाही कपाळावर त्याचा डाग असायचा.

दोन वर्षांपूर्वी मी करंडा घेऊन तिच्यासमोर उभी राहिले, तर आमच्या ग्रुपमधल्या वयाने सगळ्यात मोठ्या काकू म्हणाल्या, "हिचा नवरा आहे ना गं?"

"काकू, तुम्ही वड्या घ्या बरं," मी म्हटलं.

पण काकू कसल्या ऐकतात! "अगं, सवाष्णींचं असतं हे. तिला कळायला नको?" आणि तिच्याकडे वळून त्यांनी इंग्रजीत सगळं समजावलंसुद्धा, की ज्यांचा नवरा जिवंत आहे त्यांनाच हे लावतात. तेही अगदी गोड आवाजात.

शेजारणीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं मांडीचं हाड आणि जबड्याचा तुकडा सापडलाय. मारणाऱ्यांनी पुरावा लपवायला पुरलेली प्रेतं नंतर यंत्रांनी उकरून काढली आणि तुकड्यातुकड्यांनी दुसरीकडे नेऊन टाकली. म्हणून एकेक माणूस चार ठिकाणी सापडतो. बाकीचा सापडेपर्यंत मी त्याला पुरत नाहीये. मग मला कशात धरायचं?"

कुणीतरी फोन बघायला लागलं. काकू तेवढ्या चाचरत म्हणाल्या, "आमच्यात बारा वर्षं वाट बघतात, मग गेला असं समजतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "घाला ते शास्त्र चुलीत!" मी ओरडले आणि कुंकवाचं बोट तिच्या कपाळाकडे नेलं. तिने माझं मनगट धरलं आणि हळूच खाली केलं. वाणाची स्टीलची डबी टेबलावर तशीच ठेवून ती वर निघून गेली.

त्याच उन्हाळ्यात ती गावी गेली आणि सापडलं होतं तेवढं पुरून आली. "कुणी विचारलं तर एक उत्तर असलेलं बरं," एवढंच मला म्हणाली. काकूंना कळल्यावर त्या म्हणाल्या, "सुटली बिचारी. क्लोजर मिळालं." क्लोजर म्हणे! मेलं कुठल्या पॉडकास्टवर ऐकतात, देव जाणे. तिची वाट बघणं यांनी एका दुपारी, वड्या चघळत चघळत संपवलं, आणि वर आनंद!

परवा तळघरात कपडे धुवायला गेले, तर ती सुरू असलेल्या मशीनला टेकून उभी होती.

"तिकडून फोन आला होता," ती म्हणाली. "त्याच्या बरगड्या आणि एक हात सापडलाय. कबर उघडून आत ठेवायचं का, विचारतायत. पुढे आणखी काही सापडलं की परत उघडायची. काय सांगू त्यांना?"

मी कपड्यांची टोपली खाली ठेवली.

"तुमच्यात काय करतात?" तिने विचारलं.

"आमच्यात जाळतात."

"बरं आहे तुमचं," ती म्हणाली. "एकदाच होतं."