आधी मुंडण, मग परवानगी

दहा दिवस श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, व्हायचं ठरवलं तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. दापोलीत कपडे शिवतो. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वर्ष उलटलं, पण त्रिसरण म्हणण्यापलीकडे आपण काही केलं नाही, ही रुखरुख होती. नायगावात सिंहलद्वीपाचे एक भंते शिबिर घेणार असं कळलं आणि मशीनवर कापड झाकून निघालो.

हर्णैहून पडावातून बोटीवर. तिकीट डेकचंच घ्यावं. स्वस्त आणि वाराही भरपूर. बरोबर दशम्या, अंथरायला चादर आणि पांढरे कपडे हवेत. भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर थेट नायगाव गाठलं. मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड, तिथेच भंते भेटले. त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, "माताजी हैं?"

"हैं. परळमध्ये, धाकट्या भावाकडे."

मग दोन कामं सांगितली: आईची परवानगी आणायची आणि मुंडण करायचं. आईबापाच्या होकाराशिवाय चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, मिळत नाही, वय कितीही असो. दोन्हीतलं सोपं मी आधी उरकलं.

दादरच्या फुटपाथवरल्या न्हाव्याने मिशीला वस्तरा लावण्याआधी विचारलं, "घरात कोण गेलं का, काका?"

"कोणी नाही. श्रामणेर होतोय."

"मग ठीक," तो म्हणाला. मला तेव्हाच उमजायला हवं होतं.

परळपर्यंत चालतच गेलो. भिंतीभिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' रंगवलेलं. एका नाक्यावर पोस्टरं चिकटवणारे दोघे होते. एक जण ओरडला, "काका, नवस काय? मुंबई मिळेपर्यंत टक्कल?" मीही हसून हात केला. तुळतुळीत डोक्याला गार वारा लागत होता, मजेत होतो.

चाळीत आई दारात तांदूळ निवडत बसली होती. मला पाहिलं आणि सूप तिच्या हातातून निसटलं.

"कोण गेलं रं?"

"कोणी नाही, आये."

"बा गेला तवा असाच दिसला होतास." ती उठून उभी राहिली. "आता माज्याशिवाय हाय कोण? माज्यासाठी उतरवायचे केस तू आधीच काढून आलास व्हय, धाक्या?"

मी सगळं समजावलं. दहा दिवस, असं म्हणालो मात्र, ती आणखी भडकली. "दहा दिवस म्हंजे सुतकच की! मी जिती असताना? न्हाय." जुने विधी आम्ही सोडलेत, पण आईच्या डोळ्यांनी थोडेच सोडलेत? रात्री पानात वाढलं आणि माझ्याकडे पाठ करून झोपली.

सकाळी एकटाच नायगावात गेलो. "अनुमति?" भंतेंनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी शांतपणे मागची सतरंजी दाखवली. पुढे सहा जण, बहुतेक गिरणीतले, चीवर घ्यायला बसले होते. प्रत्येकाची आई चीवर आपल्या हातांनी मुलाला देत होती. मी मागे, डोकं भादरलेला आणि कोणीच नसलेला. सवयीने चिवरांची शिवण पाहत राहिलो. तुकडे जोडून शिवलेली, पण टीप सरळ.

तेवढ्यात शेडच्या दारात आई. धापा टाकत होती, हातात डबा. "टराम बंद, मोर्चा निघालाय. चालत आले. उपाशी बसला असशील."

डबा माझ्यापुढे ठेवला आणि ती त्या आयांकडे पाहत राहिली. 

"ही पोरं परत येत्यात?"

"अकराव्या दिवशी."

आई सरळ भंतेंपुढे गेली. "महाराज, ह्याचं डोकं तर होऊन बसलंय. नुसता टकल्या ठेवून काय करताव? द्या ते कापड माज्याकडं. पण अकराव्या दिवशी माजा मला परत द्यायचा."

भंतेंना शब्द कळले नसावेत. पण चीवर त्यांनी तिच्या हातात दिलं.

जाऊ पाहणाऱ्यांसाठी: पहाटे लवकर उठावं लागतं, बारानंतर जेवण नाही, फक्त पाणी आणि बिनदुधाचा चहा. तिसऱ्या दिवसापासून भूक वाद घालायचं सोडते. भिक्षापात्र घेऊन दारोदार गप्प उभं राहणं मात्र मला शेवटपर्यंत जड गेलं.

चौथ्या दिवशी फेरी परळच्या आमच्याच चाळीत होती. आईने पात्रात भात वाढला, सोड्यांची चटणी घातली आणि वाकून माझ्या पाया पडली. श्रामणेराने उलट हात जोडायचे नसतात. मी भाताकडे बघत उभा राहिलो. तो मला दिसेनासा झाला.

"नीट जेव," ती हळूच म्हणाली.

अकराव्या दिवशी चीवर परत केलं आणि आईच्या हातचं जेवून बोट पकडली.

आता मशीन पुन्हा चालू आहे. संध्याकाळचं जेवण हलकं झालंय, गिऱ्हाईकावर आवाज चढत नाही. भावाच्या प्रत्येक पत्रात खाली एकच ओळ असते: आई विचारते, केस किती वाढले? मी कापडाची टेप डोक्याला लावतो आणि खरं माप कळवतो. परवा लिहिलं, 'पाऊण इंच झाले, आये. पण मला काही घाई नाही. तूही करू नकोस.'