उलटी गोदावरी

एके वर्षी गोदावरी नाशकाहून निघाली ती राजमहेंद्रीला न जाता थेट कोकणात उतरली, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

मी तेव्हा मिठबावजवळच्या एका वाडीत हंगामी मास्तर होतो. शाळा आमच्याच पडवीत भरे. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, यायचे होते. ते खूश झाले तर मी कायम होणार, नाहीतर नांगर धरायला मोकळा! म्हणून मी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मातीचा हिंदुस्थान घातला. देशातल्या सगळ्यात लांब नद्या त्यात खऱ्या पाण्यानं वाहणार होत्या! माझे वडील, आबा, मागच्या विहिरीचं पाणी उपसून पाटानं हिमालयात, नाशकात आणि नर्मदेच्या उगमाशी सोडणार होते.

"सायब जाईसर थांबू नुको," मी त्यांना बजावलं; साहेब जाईपर्यंत नद्या आटता कामा नयेत! (माणूस स्वतःचा घात इतक्या स्पष्ट शब्दांत क्वचितच करतो.)

साहेबांची खुर्ची मी अरबी समुद्रात मांडली. शेजारीच बायकोनं कुळीथ वाळत घातले होते.

"आबा, सोड पाणी!"

गंगा हिमालयातून उतरली आणि कलकत्त्याकडे पाठ फिरवून तडक कराचीला निघाली (पासपोर्टशिवाय!). गोदावरी पूर्वेकडे वीतभर सरकेल तर शपथ! तिनं सह्याद्री फोडला आणि कोकणात घुसली. एकटी नर्मदा तेवढी पुस्तकाप्रमाणे वागली.

"मास्तर, गोदावरी शेवटी कुठं मिळते?" साहेबांनी विचारलं.

"सध्या... आपल्या बुटात, साहेब!"

"अवो, माजे कुळीथ गेले!" बायको सूप घेऊन धावली.

"आबा, पुरे!" मी ओरडलो.

"सायब गेलो काय?" विहिरीवरून आबांचा आवाज.

"नाय!"

"मगे गप रव!" आणि दुप्पट पाणी आलं.

साहेबांनी पाय खुर्चीवर घेतले. "पण हे झालं कसं?"

मी पृथ्वीच्या परिवलनाबद्दल काहीतरी पुटपुटू लागलो. बायको कुळीथ वेचता वेचता म्हणाली, "सायबानू, खळ्याचो उतार दर्याकडे आसा. पाणी उगवतीक जातलां कसां?"

कुळीथ गेले, नोकरीही गेली!

साहेबांनी बूट निथळवले आणि शेरेबुकात लिहिलं: "शिक्षक कायम करण्यास हरकत नाही. भूगोल मात्र पत्नीस विचारून शिकवावा."

सरकारी हुकूम मोडायची माझी छाती नाही. निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी चुलीपुढे बसून मी भूगोलाचा धडा तपासून घेतला. पुढेपुढे गणिताचाही.