देवाजवळचं हॉल तिकीट

वीज गेली होती, त्यामुळे बेल वाजली नाही. कोणीतरी दारावर थापा मारत होतं. मी साबुदाण्याच्या पापड्या घालायच्या गडबडीत. एका हातात पळी, दुसरा हात पदराला पुसत दार उघडलं तर प्रेमलता.

प्रेमलता गिरीज गावची. घरची केळी-नारळाची वाडी आहे, थोडा भाजीपालाही. गेली आठ-नऊ वर्षं मंगळवार-शुक्रवार ती स्कूटीवरून आमच्या पारनाक्याच्या बिल्डिंगमध्ये येते. अळू, केळफूल, चाफ्याच्या पुड्या. चार मजले बोलत चढते, बोलतच उतरते. त्या दिवशी मात्र हातात पिशवी नव्हती. इस्त्रीचा ड्रेस, खांद्याला लहानशी पर्स, आणि तोंड बंद.

"वहिनी, एक वाजेपर्यंत मला तुमच्याकडे बसू द्या."

"अगं बस की. आज निकाल ना तुझा?"

"हळू बोला," ती म्हणाली. बिल्डिंगमधल्या कोणाला तिच्या निकालाशी काही घेणंदेणं नव्हतं, पण तिने आत येऊन दार स्वतःच लावून घेतलं.

बारावीचा निकाल एक वाजता लागणार होता. प्रेमलताचं वय एक्केचाळीस. सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून बसली होती. घरी सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिने भिशी लावली असती तर जितकं लक्षात ठेवलं असतं तितकंच. कारण त्याच घरात, त्याच दिवशी, तिच्या धाकट्या जावेच्या मुलीचा, ज्ञानदाचा, बारावीचा निकाल होता.

"कृतिकाने रजा टाकलीय आज," ती पापड्यांच्या प्लास्टिकची एक बाजू धरत म्हणाली. "दोन किलो पेढे सांगितलेत. केक आहे. संध्याकाळी चाळीस माणसं जेवायला, कोंबडीचं भुजिंग आगाशीहून येणार. वडे मी करायचे. पीठ भिजवून आलेय."

"आणि तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी? माझ्यासाठी पीठ भिजवायचं काम आहे ना."

मी हसले. ती हसली नाही.

प्रेमलताचं माहेर निर्मळचं. दहावीला एकाहत्तर टक्के होते, अकरावी झाली, बारावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि फेब्रुवारीत लग्न ठरलं. परीक्षा नंतर देता येईल, असं सासरचे म्हणाले होते. नको असं कोणीच म्हटलं नाही. मग हर्षवर्धन झाला, सासरे अंथरुणाला खिळले, वाडीचं काम होतंच. लग्नानंतर तीन वर्षांनी कृतिका त्या घरात आली, बी.कॉम. होऊन, अंधेरीला बँकेत नोकरी करणारी. पाहुणे आले की सासूबाई ओळख करून द्यायच्या: "ही आमची ग्रॅज्युएट सून. आणि ही मोठी." प्रेमलता हे सांगताना सासूबाईंचा हात करून दाखवते. पहिल्या वाक्याला हात छातीशी येतो, दुसऱ्याला कुठेतरी मोरीच्या दिशेने जातो.

ज्ञानदा सहा महिन्यांची असताना कृतिका कामावर रुजू झाली. पोर वाढली ती काकीच्या मांडीवर. पहिलं 'ग' काकीने गिरवून घेतलं, गोवर आला तेव्हा रात्री काकीच बसली. आणि तीच ज्ञानदा बारावीत गेली तेव्हा तिच्यासाठी स्टडी टेबल आलं. वर दिवा, खाली कप्पे, फिरती खुर्ची.

"ते टेबल बघितलं आणि माझ्या डोक्यात गेलं, वहिनी," तिने मला मागेच सांगितलं होतं. "मला पोरीचा आनंद व्हायला पाहिजे होता ना? मला वाटलं, ही खुर्ची मोडावी."

त्याच आठवड्यात ती रिक्षास्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि तिथल्या नताशाला म्हणाली, बाहेरून बारावीला बसायचं काय असतं ते बघ. शाळा सोडल्याचा दाखला निर्मळच्या घरी माळ्यावर सापडला.

अभ्यास विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत. झाडांना पाणी सोडलं की पाऊण तास कोणी हाक मारत नाही, तेवढ्या वेळात इतिहास. इंग्रजीची पत्रं माझ्या डायनिंग टेबलवर. गाइडं मात्र नवी घेतली नाहीत, कृतिकाने कुठल्याशा मैत्रिणीच्या मुलीची जुनी आणून दिली आणि वर म्हणाली, "ताई, तुमचं बरं आहे, टेन्शन नाही. पास झालात तर बोनस."

हे 'बोनस' प्रेमलताने मला किती वेळा ऐकवलं असेल. वांगी मोजताना, सुटे पैसे परत देताना. मध्येच थांबायची आणि म्हणायची, "बोनस म्हणे."

ज्ञानदाच्या पेपरांना तिचे वडील गाडीने सोडायचे, आई सुट्टी काढून नारळपाणी घेऊन गेटबाहेर थांबायची. नारळ वाडीतला, सोललेला प्रेमलताने. नंतर ही शेअर रिक्षाने स्वतःच्या सेंटरला. तिथे वॉचमनने तिला पहिल्या दिवशी अडवलं: पालकांनी आत यायचं नाही.

बारा वाजले तरी वीज नव्हती. पापड्या घालून झाल्या, वरण-भात झाला. तिने दोन घासांत पान सारलं.

"एवढं काय घाबरायचं," मी म्हटलं. "मराठीत तर तू पोत्याने मार्क आणशील."

"इंग्रजीत गेले तर? नापास झाले तर घरात कोणाला कळायच्या आधी मला कळू दे. तिथे सगळ्यांच्या समोर नको. कृतिका गोड बोलेल. ती गोड बोलली की मला सहन होत नाही. शिव्या दिल्या तर एक वेळ चालेल." मग थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत, "आणि ज्ञानदाला कमी पडावेत असं सकाळपासून तीनदा मनात आलं माझ्या. हे कोणाला सांगू नका."

"बरं."

"चारदा आलं."

एक वाजायला पाच मिनिटं असताना मी मोबाइलवर साइट उघडली. फिरतच राहिली. एक वाजून चार मिनिटांनी पान आलं: सीट नंबर, आईचं नाव.

"सांग नंबर."

प्रेमलताने पर्स उघडली, प्लास्टिकच्या पिशवीतलं हॉल तिकीट काढलं आणि तशीच बसून राहिली. त्यावर हळद-कुंकू लागलं होतं. फोटो ज्ञानदाचा होता.

"हे तुझ्याकडे कसं?"

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्याकडे परीक्षेचं हॉल तिकीट निकाल लागेपर्यंत देवाजवळ ठेवतात. ज्ञानदाचं दोन महिने देव्हाऱ्यात होतं, रोज त्याच्यावर फूल. प्रेमलताचं तांदळाच्या डब्यामागे. सकाळी आंघोळ करून ती फुलं घालायला गेली, देवघरात कोणी नव्हतं. तिने ज्ञानदाचं उचललं, आपलं ठेवलं, त्यावर चाफा ठेवला. पाच मिनिटं राहू दे, मग होतं तसं करू, असा विचार. इतक्यात सासूबाईंची पावलं वाजली. हातातलं तिकीट पर्समध्ये कोंबून ती पळाली, थेट आमच्याकडे.

"तेव्हा डोक्यात एवढंच होतं, की चोरी केली," ती म्हणाली. "माझं तिथे राहिलं हे आत्ता कळतंय मला."

"नंबर पाठ नाही?"

"तारखा पाठ केल्या सगळ्या. नंबर कोण पाठ करतं?"

ज्ञानदाचा नंबर आमच्यासमोर टेबलावर होता. प्रेमलता त्याच्याकडे बघत होती. मोबाइल माझ्या हातात होता, पान उघडं होतं. तिने तिकीट उलटं करून ठेवलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"काकी! कुठे आहेस तू? अठ्ठ्याहत्तर! अठ्ठ्याहत्तर पॉइंट तेहतीस!" मागे टाळ्या, भांड्यांचा आवाज. "अगं, इथे गंमत झालीय. देवाजवळचं माझं हॉल तिकीट गायब. आजी म्हणते उंदराने नेलं. मोबाइलमध्ये फोटो होता म्हणून बरं. आणि तिथे तुझं ठेवलंय. बघू का गं तुझा? तुझ्या आईचं नाव काय?"

प्रेमलताने डोळे मिटले. त्या घरात बावीस वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं.

"कृष्णा," ती म्हणाली.

"कृष्णा. थांब, फिरतंय... फिरतंय... काकी, पास! पास गं! एकसष्ट टक्के! इंग्लिश त्रेचाळीस. मराठी, अय्यो, एक्क्याऐंशी! मला बहात्तर आहेत!"

"बहात्तर?" प्रेमलताने पटकन विचारलं. असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. एखाद्याने चोरून लाडू तोंडात टाकावा तसा.

"हो ना, बहात्तर! तू मला नऊने हरवलंस!" पोर खळखळून हसत होती. मग तिने तिकडे ओरडून सांगितलं, "काकी पास झाली!"

पलीकडून कृतिकाचा आवाज आला, घाईतला, गोडच: "हो का? अरे वा. बरं, तिला म्हणावं येताना कोथिंबीर आण. आणि लिंबं."

"आई म्हणते..."

"ऐकलं मी," प्रेमलता म्हणाली. "आणते. ज्ञानू, छान मार्क मिळवलेस हो." आणि फोन ठेवला.

मी साखरेचा डबा घेऊन आले, तिच्या तोंडात चिमूट घातली. ती चघळत राहिली. डोळे भरले होते, पण रडली नाही. ज्ञानदाचं तिकीट तिने सुलटं केलं, पिशवीवरचं कुंकू बोटाने सारखं केलं.

"चांगली आहे हो पोर," ती म्हणाली. "मी बघितला नसता तिचा निकाल एवढ्या आनंदाने. आणि तरी जळतेय मी, वहिनी. एकसष्ट मिळाले तरी जळतेय. तिच्या अठ्ठ्याहत्तरवर नाही. ते पेढे, ती चाळीस माणसं. तिला कोणी कोथिंबीर आणायला सांगितली नाही."

"पुढे शिकणार आहेस ना?"

"बी.ए.ला फॉर्म भरणार. ते मी कोणाला विचारत नाहीये." तिने पर्सची चेन लावली, उठली, दारापर्यंत गेली. चपला घालताना भिंतीला हात लावून थांबली.

"एक काम कराल?"

"बोल ना."

"संध्याकाळी साडेसातला आमच्याकडे या. वडे खायला नाही. सगळी माणसं बसलेली असतील तेव्हा आत या, आणि सगळ्यांच्या देखत माझं अभिनंदन करा. जरा मोठ्याने."